सात वाड्यांचा जबाब

संगणकवाल्यांचं सगळंच उफराटं. शाळेत शून्य मिळालं की घरी पाठ शेकते, आणि यांच्याकडे शून्य मिळालं की काम फत्ते! मंजूषा मारबतेला हे शून्य पहिल्यांदा भेटलं नागपूरच्या कॉलेजात, आणि पुढची पंधरा वर्षं तिने त्याच्याच जिवावर भाकरी खाल्ली. त्याच शून्याच्या नादात एक दिवस तिच्या सख्ख्या आत्याचं मनगट मोडलं. ते कसं मोडलं आणि त्यापुढे काय झालं, ते सांगायचं तर आधी कोसमघाट धरणाबद्दल सांगायला हवं.

साल दोन हजार त्रेचाळीस, एप्रिल महिना. विदर्भात पारा शेहेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. दिवसा विजेची चंगळ, कारण माळरानावर जिकडे पाहावं तिकडे सौर पॅनेलं. पण ऊन कललं की ती वीज आटायची, आणि माणसाला गारवा तर तेव्हाही लागतोच. मग ती तूट भरायची धरणाने. कोसमघाटच्या भिंतीखाली दोन जनित्रं होती. पाणी सोडलं की वीज तयार. पूर्वी उन्हाळ्यात हे पाणी महिन्यातून दोनदा सुटायचं, तेही तारीख सांगून. आता मात्र एक नवं अंदाजयंत्र आलं होतं. कुठे ढग आडवा येणार, कुठल्या तालुक्यात किती कूलर आणि किती एसी एकदम सुरू होणार, हे ते अर्धा तास आधी सांगायचं, आणि सहसा चुकायचं नाही. तेवढ्यापुरतं पाणी सोडायचं, गरज भागली की दार बंद. महिन्यातून दोनदा सुटणारं पाणी दिवसातून सहा-सहा वेळा सुटणार होतं. कागदावर हिशोब चोख होता, आणि नदीच्या वाळूत माणसं राहतात हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

या सगळ्या कारभाराचा मुकादम म्हणजे मंजूषाने पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट. मुकादम हा शब्द तिचाच. मुकादम स्वतः फावडं उचलत नाही. तो हुकूम सोडतो आणि काम झालं का ते बघतो. धरणावरचे प्रोग्राम जागोजागच्या ठेकेदारांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले होते. दाराचा प्रोग्राम तर तीस वर्षांपूर्वीचा, अशा भाषेतला की ती समजणारा माणूस आता शोधून सापडला नसता. ते नव्याने लिहीत बसणं म्हणजे चालत्या गाडीची खीळ काढणं. त्यापेक्षा स्क्रिप्टने बाहेरच्या एकेका प्रोग्रामला हाक मारायची. भोंग्या, तू वाज. तो वाजून होईपर्यंत थांबायचं. प्रत्येक प्रोग्राम काम संपवून जाताना मागे एक आकडा ठेवतो. शून्य ठेवला तर सगळं ठीक, दुसरा कुठलाही ठेवला तर काहीतरी घोळ. शून्य दिसलं की पुढची हाक : दारा, तू उघड. मंजूषाचा हा मुकादम दीडशे ओळींचा होता आणि ती त्याच्यावर पोटच्या पोरासारखी खूश होती.

तिचे वडील सोमाजी मारबते याच धरणावर एकतीस वर्षं गेटचे चौकीदार होते. निवृत्तीनंतर वसाहतीला लागूनच त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. लेक कामासाठी नागपूरहून आली, बापाच्या घरी उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी कौतुकाने त्यांना नियंत्रण कक्षात घेऊन गेली. पडद्यावर ओळी सरकल्या, भोंगा वाजला, शून्य आलं. सोमाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"अन् जबाब कोन देते?" त्यांनी विचारलं.

मंजूषाने शून्याकडे बोट दाखवलं. हा बघा जबाब! सोमाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उद्या दुपारी माझ्यासंगं नदीत चाल, एवढंच म्हणाले.

धरणाखाली कोसमी नदी उन्हाळ्यात वाळूचं पात्र होऊन पडलेली असते. मधून एक बारीक धार, आणि दोन्ही अंगांना सात डांगरवाड्या. वाळूत नाल्या खोदायच्या, खत भरायचं, डांगर म्हणजे खरबूज, टरबूज, काकडी यांचे वेल सोडायचे, वाळूत खणलेल्या झिऱ्यातून घागरीने पाणी घालायचं, आणि जानेवारीपासून मेपर्यंत तिथेच गवताच्या खोपडीत राहायचं, असं हे पिढ्यान्पिढ्यांचं काम. मारबत्यांचं सगळं खानदान त्यातलंच. चौथी वाडी सोमाजींच्या थोरल्या बहिणीची, पार्बताबाईची. मंजूषा सहा वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतरचे तिचे सगळे उन्हाळे याच वाळूत, याच आत्याच्या पदराखाली गेले होते.

वाटेत सोमाजींनी जुनी रीत सांगितली. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजायचा. प्रत्येक वाडीच्या वर, काठावरच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. वाडीतली माणसं सामानसुमान घेऊन वर आली की त्यावर लोखंडाने ठोके द्यायची. धरणावरचा चौकीदार कान देऊन सात जबाब मोजायचा. सातवा आल्याशिवाय तो दाराच्या चाकाला हात लावत नसे. एखादा आलाच नाही तर सायकल काढून जायचं आणि बघून यायचं, मग वरून साहेब कितीही ओरडो.

चौथ्या वाडीत पार्बताबाईने भाचीला आधी सावलीत बसवलं, काकडी चिरून हातात दिली आणि मगच काय काम काढलं ते विचारलं. मंजूषाने मोबाइलवरून हुकूम सोडला. तीन किलोमीटर वर धरणाच्या भिंतीवर भोंगा वाजला. वाजला असणार, कारण मोबाइलवर शून्य आलं. इथे मात्र पश्चिमेची झळ अशी सुटली होती की वाळू चुरचुरत होती, आणि त्यापलीकडे काहीही ऐकू येत नव्हतं. मंजूषाने तीनदा हुकूम सोडला. तिन्ही वेळा शून्य आलं आणि तिन्ही वेळा कानावर नुसता वारा. तिच्या तोंडातली काकडी तोंडातच राहिली. भोंग्याचा प्रोग्राम एवढंच सांगत होता की मी ओरडलो. कुणी ऐकलं का, ते सांगणं त्याचं कामच नव्हतं. तिने मात्र तेच समजून दार उघडायचं ठरवलं होतं.

मंजूषा मारबते ही चूक कळल्यावर स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हे. आठ दिवसांत तिने सातही झाडांवर रुळांचे तुकडे पुन्हा टांगले, प्रत्येकाजवळ एक छोटा माइक बसवला आणि एक नवा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ठेवलं जबाब. तो रुळाचा आवाज ओळखायचा, ठोके मोजून आकडा छापायचा, आणि शून्य ठेवून जायचा. स्क्रिप्ट आता भोंग्यानंतर थांबणार होती. सात वाड्यांची सात शून्यं आली की मगच दार. भोंगा ऐकू येत नव्हता त्या वाड्यांत तिने जास्तीचे कर्णे बसवले. सोमाजी रोज डबा घेऊन तिच्याबरोबर उन्हात उभे राहायचे, आणि जुन्या चौकीदाराची मान जरा ताठ झाली होती.

रंगीत तालीम झाली एका मंगळवारी सकाळी. भोंगा वाजला. टण, टण, टण. वाड्यांवरून ठोके येऊ लागले. पडद्यावर एकामागून एक शून्यं उमटली, सातवं उमटलं, आणि दार उघडलं. कक्षात टाळ्या वाजल्या. सोमाजी मात्र खिडकीशी उभे होते ते वळले, आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"चौथीनं दोनच दिले," ते म्हणाले. "दोन म्हंजे थांब."

तीन ठोके म्हणजे वर आलो. दोन म्हणजे थांब, अजून खाली आहोत. ही रीत सोमाजींनी लेकीला सांगितलीच नव्हती. सांगायची काय, नदीकाठच्या शेंबड्या पोराला माहीत! पण खरी चूक त्यांची नव्हती आणि ते मंजूषाला त्याच क्षणी कळलं. जबाब प्रोग्रामने ठोके बरोबर मोजले होते. चौथ्या वाडीपुढे त्याने चक्क दोन छापलं होतं. पण पडद्यावर पसारा नको म्हणून मंजूषाने एका ओळीत लिहून ठेवलं होतं, की या प्रोग्रामने काय छापलं ते फेकून दे, फक्त शेवटचा आकडा बघ. शून्य म्हणजे जबाब आला. जबाब काय आला, ते मुकादमाने वाचलंच नव्हतं.

दार बंद व्हायला नऊ मिनिटं लागली. तेवढ्यात मांडीभर पाणी पार्बताबाईच्या वाडीतून गेलं. तोडून रचलेला डांगरांचा ढीग गेला, अर्धे वेल गेले. दोन ठोके देऊन पुन्हा खाली उतरलेली बाई ढीग वर न्यायची धडपड करत होती, ती पाण्याने आडवी झाली आणि उजवं मनगट दगडावर आपटून मोडलं. शेजारच्या वाडीतल्या दोघांनी तिला ओढून काढलं म्हणून बरं.

मंजूषा संध्याकाळी दवाखान्यात गेली तेव्हा आत्या प्लास्टर घालून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मंजूषाने चूक सांगितली, आपली आहे म्हणून सांगितलं, पायाला हात लावला. रडलीही. 

"तुमी भोंगा वाजवून विचारता का सांगता?" पार्बताबाई भिंतीकडे बघतच म्हणाली. "सांगत असान तं सांगा, आमी पळतो. विचारत असान तं मंग जबाब आयका बी. ठोके मोजाले यंत्र लावलं अन् आयकाले कोनी नाई, हे कोनतं शहाणपन व?"

 मंजूषा घरी आली, जेवली नाही, आणि ती एक ओळ उघडून तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अधीक्षक अभियंता खानझोडे साहेबांनी बैठक घेतली. माणूस वाईट नव्हता. गेल्या मे महिन्यात चाळीस मिनिटं वीज गेली होती, तेवढ्यात त्यांच्या हद्दीत उष्माघाताने तीन म्हातारी माणसं दगावली होती. त्या तिघांची नावं साहेबांना पाठ होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जबाबाचा प्रयोग अंगाशी आला. ठोका आला तरी माणूस खालीच असतो. वाडीत कुणी झोपलेलं असेल, कुणी बाजाराला गेलेलं असेल, तर ठोका येणारच नाही, आणि तेवढ्यासाठी गावोगाव वीज नेणारे सहा फीडर अंधारात ठेवायचे का? भोंगा वाजवा, बारा मिनिटं थांबा, दार उघडा. मौनं संमतिलक्षणम्.

आता यातली तांत्रिक गोम सांगायला हवी. बाहेरच्या प्रोग्रामला हाक मारताना थांबायची मुदत घालता येते. मुदत न घातली तर स्क्रिप्ट जन्मभर थांबेल. घातली, तर मुदत संपल्यावर पायथन त्या प्रोग्रामला ठार करतो आणि बोंब ठोकतो की उत्तर आलं नाही. इथवर यंत्राचं काम. त्या बोंबेचा अर्थ काय लावायचा, पुढे जायचं की मागे फिरायचं, ते स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. एका ओळीचा प्रश्न. खानझोड्यांना त्या ओळीवर लिहून हवं होतं : पुढे जा. मंजूषाने तिथे लिहिलं होतं : थांब.

तिने साहेबांना तोंडावर सांगितलं की मौन ही संमती लग्नाच्या मांडवात असेल, नदीच्या पात्रात नाही. साहेब चिडले, पण त्यांनी तिला एक संधी दिली. शनिवारी संध्याकाळी खरी मागणी येईल तेव्हा तिचा मुकादम चालवायचा. पाणी वेळेत सुटलं तर जबाब राहील. नाही सुटलं तर रविवारपासून बारा मिनिटांची ओळ पडेल आणि तीच पुढे या यंत्रणेतल्या तेवीस धरणांवर जाईल. मंजूषाने मान डोलावली. तेवीस धरणांखाली किती वाड्या असतील, याचा हिशोब तिने मनात केला आणि सोडून दिला.

शनिवारपर्यंत तिने दुसरं काही केलं नाही. छापलेलं फेकून देणारी ओळ काढली. आता स्क्रिप्ट जबाब वाचणार होती : तीन असेल तर पुढे, दोन असेल तर थांबून पुन्हा विचार, काहीच नसेल तर दार बंद आणि माणसाला निरोप. सहा वाड्यांत ती स्वतः फिरली, बसली, पुन्हा पुन्हा ठोके ऐकून घेतले. चौथ्या वाडीत पार्बताबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उरलेल्या वेलांना डाव्या हाताने पाणी घालत होती. मंजूषाने घागर घ्यायला हात पुढे केला, तर बाईने घागर दुसऱ्या बाजूला ठेवली. शनिवारी ठोका देशील ना, या प्रश्नाला तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

शनिवारी सहा वाजून दहा मिनिटांनी अंदाजयंत्राने मागणी टाकली. सहा चाळीसला सहाही फीडरना वीज हवी, पूर्ण दार, चाळीस मिनिटं. कक्षात खानझोडे, दोन कनिष्ठ अभियंते आणि मंजूषा. सोमाजी स्कूटर घेऊन आधीच नदीकाठी गेले होते. मंजूषाने एंटर दाबलं.

भोंग्याचं शून्य आलं. मग पहिली वाडी, तीन. दुसरी, तीन. सातवी, तीन. पाचवी, तिसरी, सहावी. चौथीपुढे दोन उमटलं. स्क्रिप्ट थांबली. तिला तसंच शिकवलं होतं.

पाच मिनिटांनी पुन्हा विचारणा झाली. पुन्हा दोन. खानझोडे घड्याळ बघत होते. तिसऱ्यांदाही दोनच आलं तेव्हा सोमाजींचा फोन आला. पार्बता काठावर आहे, झाडाखाली बसली आहे, वाडीत चिटपाखरू नाही, सामानही वर आहे. आणि आपल्या डोळ्यांदेखत तिने दोन ठोके दिले. मी समजावून दमलो, म्हणाले.

"म्हणजे पात्र रिकामं आहे," खानझोडे म्हणाले. "तुमच्याच वडिलांनी पाहिलंय. मॅडम, आता कशासाठी थांबायचं? उघडा."

खरं बोलत होते. मंजूषाच्या अंगाची लाहीलाही झाली. सहा वाजून एकतीस मिनिटं. आत्याचा असा राग आला की बोलायची सोय नाही. जिच्यासाठी आपण साहेबाशी वैर घेतलं, तीच आपला गळा कापतेय! जबाबाची वाट न पाहता, हाताने हुकूम देऊन दार उघडायची सोय होती. एक ओळ लिहायची, वेळेत पाणी सुटलं असतं, जबाब टिकला असता. कुणाचा जीव जाणार नव्हता. जाणार होते ते उरलेले अर्धे वेल.

तिचा हात कीबोर्डवर गेलाही. मग तिला पडद्यावरचं दोन दिसलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मंगळवारी हाच आकडा फेकून दिला होता. आज वाचला आणि तरीही फेकायला निघाली होती. मग फरक काय राहिला? एवढाच, की तेव्हा अजाणता केलं आणि आता जाणून करणार.

तिने वडिलांना फोन आत्याच्या कानाला लावायला सांगितलं.

"आत्याबाई, मी विचारून राहिली, सांगत नाई," ती म्हणाली. "पूर्ण पानी नको तं किती चालते?"

 पलीकडून पार्बताबाईचा आवाज आला. आधी रुक्ष, मग जरासा सैल.

"घोटाभर येऊ दे. नालीच्या काठावर वेल हायेत, तितवर नाई पोचत. मांडीभर सोडसान तं सगळं जाते, मंजू. पंधरा दिवसांत तोडा हाये. तितक्याच दिवसांची गोष्ट."

घोटाभर म्हणजे अर्धं दार. दाराच्या त्या तीस वर्षांच्या म्हाताऱ्या प्रोग्रामला हुकमापुढे आकडा द्यावा लागतो, किती टक्के उघडायचं त्याचा. आजवर तिथे नेहमी शंभर लिहिलं जायचं, म्हणून सगळ्यांना वाटे की दार एक तर उघडं नाही तर बंद. अर्ध्या दाराने एकच जनित्र पुरतं फिरणार होतं. धरणावरच्या बॅटऱ्यांचा साठा जोडला तर पाच फीडर निभले असते. सहावा नाही. वीज वाटणारा प्रोग्राम अशा वेळी यादीतला शेवटचा फीडर तोडायचा, आणि यादीत शेवटी होती आडबाजूची अकरा गावं, कारण ती कुणालातरी कुठेतरी लिहायची होती.

मंजूषाने तो हुकूमही बदलला. तोडायच्या फीडरपुढे तिने एक हा आकडा लिहिला. पहिला फीडर म्हणजे धरणाची वसाहत, अधिकाऱ्यांचे बंगले आणि तालुक्याची सरकारी कार्यालयं.

"त्या बंगल्यात माझी आई आहे," खानझोडे हळू आवाजात म्हणाले. "ब्याऐंशी वर्षांची."

"माझ्या बाबांचं घरही त्याच फीडरवर आहे, साहेब. आणि त्या अकरा गावांतही कुणाची तरी आई असेल. इथला कक्ष बॅटरीवर चालतो. आजींना गाडीतून इथे आणूया, पाच मिनिटांचा रस्ता आहे. अकरा गावांना आणायला आपल्याकडे गाड्या नाहीत."

 भिंतीवर सहा चौतीस झाले होते. खानझोडे आता उठतील, अभियंत्याला हाक मारतील आणि तिला खुर्चीवरून बाजूला व्हायला सांगतील, अशी तिने मनाची तयारी केली. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ड्रायव्हरला सांगितलं, आईला घेऊन कक्षात ये, पाण्याची बाटली आण, लगेच. मग वसाहतीच्या चौकीदाराला फोन लावून घराघरात सांगायला लावलं.

मंजूषाने दारापुढे पन्नास लिहिलं आणि विचारणा पुन्हा सोडली.  चौथ्या वाडीपुढची जागा कोरी होती. एक मिनिट गेलं. डाव्या हाताने ठोका द्यायचा म्हणजे वेळ लागणार, असं तिने स्वतःला समजावलं. दुसरं मिनिट अर्धं गेलं तेव्हा आकडा उमटला. तीन.

दार उघडलं. सहा एक्केचाळीसला पाच फीडरवर वीज पोचली. वसाहतीतले दिवे गेले. नियंत्रण कक्षातल्या पंख्याखाली खानझोड्यांच्या मातोश्री खुर्चीत बसून, एवढ्या पडद्यांचं तुम्ही करता तरी काय, म्हणून कनिष्ठ अभियंत्याची उलटतपासणी घेत होत्या. सोमाजींचा फोन आला. पाणी घोट्याच्या वर चढलं नाही. पार्बता काठावरून बघत उभी आहे आणि आपण आज अंधारातच पिठलं टाकणार आहोत.

सात वीसला दार बंद झालं. नागपूरच्या मुख्य कार्यालयातून विचारणा आली की चाचणीचं काय. खानझोड्यांनी फोन उचलला. पाणी एक मिनिट उशिरा सुटलं आणि अर्धंच सुटलं, एक फीडर बंद ठेवावा लागला, कुणाला इजा नाही, असं त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोललं गेलं. साहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की जबाब ठेवायचा, तेवीसही धरणांवर ठेवायचा, आणि तसं मी लेखी पाठवतो.

फोन ठेवून ते मंजूषाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांची ती बारा मिनिटांची ओळ अजून होती, चालू नव्हती, रविवारसाठी लिहून ठेवलेली.

"सोमवारपासून दिवसातून सहा वेळा पाणी सुटणार, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या आत्याने सहाही वेळा दोनच ठोके दिले तर?"

"तर सहाही वेळा विचारू, साहेब," मंजूषा म्हणाली, आणि तिने ती ओळ पुसून टाकली.